धान्याची रास आणि विद्यापतींचे कुळ

धारानगरीचे नाव कानी पडताच भोजराजाची सभा डोळ्यांपुढे उभी राहते. कवी, पंडित, समस्यापूर्ती आणि श्लोकागणिक उधळलेले द्रव्य यांच्या कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. आम्ही मात्र आज त्या नगरीकडे वळणार आहोत ते एका अगदी साध्या, किंबहुना कोठीघरातल्या प्रश्नाच्या निमित्ताने. समोर धान्याची, पिठाची किंवा चुन्याची रास पडलेली आहे. ती न भरता, न जोखता किती आहे हे कसे सांगावे?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. पाणी भांड्यात ओतले की आपली पातळी आपणच धरते, आणि मग भांड्याचे माप तेच पाण्याचे माप. दगड वेडावाकडा असला तरी तो पाण्यात बुडविला म्हणजे जितके पाणी वर चढेल तितके त्याचे घनफळ. चूर्णाला यातली कोणतीच युक्ती लागू पडत नाही. ते पाण्यासारखे वाहते खरे, पण पातळी धरीत नाही. दगडासारखे घन आहे खरे, पण पाण्यात टाकले की भिजते, विरघळते, नासते. शिवाय त्याच्या कणाकणांत हवा दडलेली असते. तेच पीठ हलक्या हाताने भरावे तर डबा ओसंडतो आणि ठोकून भरावे तर डब्यात चार बोटे जागा उरते. यांतले कोणते घनफळ खरे? ज्या देवस्थानांच्या कोठारांत शतकानुशतके खंडीच्या हिशेबाने भात आला आणि पायलीच्या हिशेबाने नैवेद्याला निघाला, त्यांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये.

आता धारेचा संबंध. भोजाचा काळ इसवी सनाच्या अकराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच्या नावावर काव्यशास्त्रापासून वास्तुशास्त्रापर्यंत अनेक ग्रंथ आहेत, आणि त्यांत ‘राजमृगांक’ नावाचा शके ९६४ चा ज्योतिषाचा करणग्रंथही आहे. अशा राजाच्या दरबारी गणितज्ञांना मान असावा यात नवल नाही. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या मंदिरात जो शिलालेख आहे, त्यात एका विद्वान कुळाची वंशावळ दिली आहे. शांडिल्यगोत्री त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, त्याचा गोविंद, त्याचा प्रभाकर, त्याचा मनोरथ, त्याचा महेश्वर, आणि महेश्वराचा पुत्र तो ‘लीलावती’ व ‘सिद्धांतशिरोमणी’ यांचा कर्ता भास्कराचार्य. या वंशावळीतल्या भास्करभट्टाविषयी लेख असे सांगतो की, त्यास भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली. म्हणजे ज्या भास्कराचार्याला आपण सह्याद्रीच्या कुशीतला, अस्सल आपल्या मुलखातला गणिती म्हणून ओळखतो, त्याच्या घराण्याच्या मोठेपणावर पहिली राजमुद्रा उमटली ती माळव्यात, धारेच्या राजाकडून. नर्मदा आणि तापी या दोन नद्या त्या काळच्या विद्येला आड येत नव्हत्या. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला व १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे अधिक शुद्ध वाचन छापले. भाऊ दाजींचे हे ऋण आपल्या लोकांनी पुरेसे मानले नाही, असे आम्हांस नेहमी वाटते.

भास्कराचार्याचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा, आणि सिद्धांतशिरोमणीची रचना ११५० ची. ‘लीलावती’त त्याने एक लहानसे प्रकरण घातले आहे, त्याचे नाव राशिव्यवहार. शाळेत लीलावतीचे नाव घेताना भुंगे, हंस आणि तुटलेली मोत्यांची माळ यांची उदाहरणे सांगतात. राशिव्यवहार कोणी सांगत नाही. वास्तविक खळ्यावरच्या शेतकऱ्याला आणि कोठीवरच्या कारकुनाला उपयोग पडावा असे ग्रंथातले प्रकरण हेच.

नियम असा आहे. सपाट भूमीवर धान्य ओतले म्हणजे त्याची शंकूसारखी रास होते. तिच्या पायथ्याभोवती दोरी फिरवून परिघ मोजावा. धान्य हरभऱ्यासारखे जाड असेल तर राशीची उंची परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी. मोहरीसारखे बारीक असेल तर अकराव्या हिश्शाइतकी. आणि कुसे असलेले, म्हणजे भातासारखे असेल तर नवव्या हिश्शाइतकी धरावी. मग परिघाचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास उंचीने गुणावे, की घनफळ आले. हात हे माप घेतले असेल तर उत्तर घनहस्तांत येते. लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी एक हात असलेल्या पेटीत जितके धान्य मावेल ती मगधदेशीची एक खारी. खारीचे सोळा द्रोण, द्रोणाचे चार आढक, आढकाचे चार प्रस्थ, प्रस्थाचे चार कुडव. (हा कुडव आमच्या गोव्यातल्या वाचकांस ओळखीचा वाटेल, पण फसू नये. हात दीड फुटाचा धरला तर लीलावतीतला कुडव ओंजळभराहून मोठा भरत नाही, आणि गोव्यात तर वीस कुडवांची खंडी होते. शब्द तोच राहिला, माप मात्र कितीतरी पटींनी फुगले.)

भास्कराचार्याने घेतलेले उदाहरण साठ हात परिघाच्या राशीचे आहे. जाड धान्य असेल तर उंची सहा हात. साठाचा सहावा भाग दहा, त्याचा वर्ग शंभर, त्यास सहाने गुणिले म्हणजे सहाशे खारी. तेवढ्याच परिघाची बारीक धान्याची रास ५४५ खारी व वर पाच अकरांश भरते, आणि भाताची ६६६ खारी व दोन तृतीयांश. केवळ एक दोरी हाती असावी आणि धान्य कोणते ते डोळ्यांनी दिसावे, बस्स. राशीच्या शिखरापर्यंत काठी नेण्याचेदेखील कारण नाही.

नियम मुळात भास्कराचार्याचा नव्हे. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त हेच नऊ, दहा, अकरा असे भाग येतात. भास्कराचार्याने तो नेटका केला आणि उदाहरणे देऊन लोकांच्या हाती दिला. पुढे कोकणच्या किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४६७ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून लीलावतीतल्या नियमांच्या उपपत्ती सांगितल्या. तर १५८७ मध्ये अकबराच्या दरबारी फैजीने तिचे फारसी भाषांतर केले. असा हा ग्रंथ देशभर फिरला.

परंतु परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग हे आले कोठून? शंकूचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची याचा तिसरा हिस्सा. परिघ व व्यास यांचे प्रमाण तीनास एक असे मोकळेपणाने धरले, तर परिघाच्या वर्गाला बाराने भागिले असता तळाचे क्षेत्रफळ येते, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे छत्तिसाने भागणे, आणि छत्तीस हा सहाचा वर्ग. हे प्रमाण तीन नाही, हे भास्कराचार्यास पुरते ठाऊक होते. त्याच ग्रंथात त्याने ते १२५० व्यासाला ३९२७ परिघ असे सूक्ष्म, आणि सातास बावीस असे व्यवहारी दिले आहे. सूक्ष्म प्रमाणाने भागाकार छत्तिसाऐवजी सुमारे ३७.७ ने करावा लागतो, आणि सहाशे खारींची रास प्रत्यक्षात ५७३ खारींच्या आसपास उतरते. शेकडा पाचाला थोडा कमी असा हा फरक आहे. मग एवढा मोठा गणिती येथे ढिलाई का करतो?

आमचे मत असे की, ही ढिलाई नव्हे, विवेक आहे. राशीचा पायथा कधी रेखीव वर्तुळ नसतो. दोरी दाण्यांवरून फिरवावी की मातीला टेकवावी यानेच बोटा-दोन बोटांचा फरक पडतो. आणि उंची दहावा हिस्सा धरणे हाच मुळी अंदाज आहे. ज्या मोजणीचा पाया दाण्याच्या स्वभावावर उभा आहे, तिच्या शेंड्याला सूक्ष्म अपूर्णांक जोडण्यात अर्थ नाही. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या नियमाची चूक नेहमी एकाच बाजूला, म्हणजे रास अधिक दाखविण्याकडे झुकते. राशीवरून धारा ठरविणाऱ्याला ती सोयीची आणि धान्य देणाऱ्याला महागात पडणारी. अंदाज व्यवहारासाठी ठीक, पण अखेर वाटणी मापानेच व्हावी.

या नऊ-दहा-अकरांत खरे मर्म आहे. उंची परिघाचा दहावा हिस्सा असेल तर राशीचा उतार जमिनीशी सुमारे बत्तीस अंशांचा कोन करतो. अकरावा असेल तर तीस अंशांना किंचित कमी. नववा असेल तर पस्तिसाच्या आसपास. सुट्या दाण्यांची रास अमुक एका उताराहून उभी राहू शकत नाही, वरून आणखी ओतले तर दाणे घरंगळतात आणि उतार पुन्हा तोच होतो, हे आजचे अभियंते कोठारे आणि धक्के बांधताना विचारात घेतात. मोहरीचा गुळगुळीत दाणा लवकर घरंगळतो म्हणून तिची रास बसकी. भाताची कुसे एकमेकांत अडकतात म्हणून त्याची रास उभट. हे आपल्या पूर्वजांनी कोनांच्या भाषेत नव्हे, दोरीच्या भाषेत लिहून ठेविले. वाचकांनी घरी करून पाहावे: अंगणात तांदूळ वा हरभरे हलके ओतावे, परिघ १२० सेंटिमीटर भरला तर त्याचा सहावा भाग वीस, वर्ग चारशे, उंची बारा, म्हणजे ४८०० घन सेंटिमीटर, पाच लिटरला थोडी कमी रास.

भिंतीला टेकून किंवा कोपऱ्यात ओतलेल्या राशीचाही विचार ग्रंथात आहे. भिंतीशी अर्धीच रास दिसते, तेव्हा दिसणारा परिघ दुप्पट करून हिशेब करावा व उत्तर निम्मे घ्यावे. घराच्या आतल्या कोनात चौपट करून चौथाई घ्यावी. बाहेरच्या कोपऱ्यावर पाव भाग भिंतीने खाल्लेला असतो, तेथे त्याच रीतीने एक सत्रिभाग पट करून पाऊण हिस्सा घ्यावा. ज्याने ही उदाहरणे रचली त्याने कोठीघर आतून पाहिले होते, याविषयी आम्हांस शंका नाही.

येथवर धान्याचे झाले. पीठ, भस्म, कुंकू, बुक्का यांची गोष्ट वेगळी. कण इतका बारीक झाला की तो घरंगळण्याऐवजी शेजाऱ्याला चिकटतो. पिठाची कडा बोटाने कापली तर भिंतीसारखी उभी राहते. तेथे दोरीचा नियम हात टेकतो. याविषयी आम्हांस अधिक जुने व अधिक व्यवहारी उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दिसते. कोष्ठागाराच्या अध्यक्षाने कोणते धान्य कांडल्यावर किती उरते, दळल्यावर किती होते, शिजल्यावर किती फुगते हे जाणावे, असे सांगून तो कच्चे पीठ मूळ धान्याच्या दीडपट होते असे प्रमाण देतो. गिरणीतून दळण आणणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही. डबा तोच, गहू त्यात मावतात आणि पीठ मावत नाही. आजच्या मापाने एक लिटर गव्हाचे वजन पाऊण किलोहून किंचित अधिक आणि एक लिटर सैल पिठाचे अर्ध्या किलोच्या आसपास भरते. भागाकार करून पाहावा, दीडपटच येते.

मापाच्या काठावर जी टोकदार रास उभी राहते तिला कौटिल्य शिखा म्हणतो. धान्याचे माप वाळलेल्या टणक लाकडाचे असावे आणि मापाचा चौथा हिस्सा या शिखेत यावा, अथवा तेवढे आतच सामावेल असे माप करावे, असा त्याचा दंडक आहे. हीच शिखा मराठीत शीग झाली. शिगोशीग भरलेली पायली ज्याने पाहिली नाही तोही आज एखादी गोष्ट शिगेला पोहोचली असे म्हणतो. भाषेने माप जपले, व्यवहाराने टाकले. आणखी एक बारकावा पाहा. राजाचे येणे घेण्याचा द्रोण दोनशे पळे उडदांचा, बाजारातला साडेसत्याऐंशी अधिक शंभर पळांचा, देण्याघेण्यातला पाऊणेदोनशे पळांचा, आणि अंतःपुराच्या शिध्याचा साडेबासष्ट अधिक शंभर पळांचा. नाव एकच, घेताना थोर आणि देताना लहान! कौटिल्याने ही गोष्ट लपविली नाही, उघड लिहून ठेविली, हा त्याचा प्रामाणिकपणा म्हणावा की निर्ढावलेपणा, हे वाचकांनीच ठरवावे. मापे दर चार महिन्यांनी तपासून मुद्रित करवून घ्यावीत, असा नियमही त्याच प्रकरणात आहे.

कारण माप लाकडाचे असले तरी मोजणारा हात माणसाचा. धान्य वरून जोराने ओतले की दाणे दाटून बसतात, अलगद सोडले की सैल बसतात. मापाला गुडघ्याचा एक धक्का दिला की शीग आत उतरते. एकाच पायलीत शेकड्यामागे कित्येक दाणे अधिकउणे घालणे हे मापाऱ्याच्या मनगटात असे. म्हणूनच चार शेरांची पायली, दोन मापट्यांचा शेर, दोन चिपट्यांचे मापटे ही कोष्टके पाठ करण्याइतकेच मापारी कोण हे पाहणे महत्त्वाचे होते. आपल्याकडे मापारी पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत असे. हा लाभ कोणाचा, देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे त्या शब्दात सांगितलेले नाही. आम्ही तरी तो राशीचा, म्हणजे दोघांचा समजतो.

पाश्चात्त्यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडविला. केप्लरने १६१५ मध्ये दारूच्या पिंपांच्या घनफळावर ग्रंथ लिहिला. सारख्या गोळ्या कशाही रचल्या तरी शेकडा चौऱ्याहत्तरांहून अधिक जागा त्या व्यापू शकत नाहीत, हे त्याने १६११ मध्ये वर्तविले होते. त्याची सिद्धता टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये दिली. म्हणजे मोहरीच्या पायलीत पाव हिस्सा तरी हवाच असते, हे सिद्ध व्हायला पावणेचारशे वर्षे लागली. चूर्णातल्या कणांचे निव्वळ घनफळ काढण्याचे यंत्र मात्र १७९७ मध्ये फ्रान्सात से नावाच्या एका सैनिकी अधिकाऱ्याने केले. त्याला गरज होती बंदुकीच्या दारूची घनता जाणण्याची. युक्ती सुरेख आहे. पाण्याऐवजी हवेत बुडवावे! चूर्ण एका वाटीत ठेवून ती हवाबंद करावयाची, वाटीला जोडलेली काचनळी पाऱ्यात बुडवून वर उचलावयाची, आणि आतली हवा किती पसरते ते पाहावयाचे. वाटी रिकामी असताना व भरलेली असताना जो फरक पडतो त्यावरून, बॉइलच्या नियमाने, चूर्णाने अडविलेली जागा कळते. न भिजविता, न नासविता. आजच्या प्रयोगशाळांतून हवेऐवजी हेलियम वायू वापरतात, तत्त्व तेच.

हवेची वाटी प्रयोगशाळेत ठीक, पण खळ्यावर आणि देवाच्या कोठीत माप कोणाचे हाच प्रश्न शेवटपर्यंत राहिला. अठराव्या शतकात पवारांनी माळव्यात आपले बस्तान बसविले. धार एका शाखेकडे आली. देवास १७२८ मध्ये तुकोजी व जिवाजी या दोन भावांकडे. पुढे देवास या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने शेजारी शेजारी नांदली, दोहोंचा कारभार वेगळा, आणि वर टेकडीवर तुळजा व चामुंडा या दोन्ही मातांची स्थाने. दक्षिणेतून गेलेल्या मराठी कुटुंबांनी तेथे आपली कुलदैवते नेली, सणवार नेले आणि शेर-पायलीची भाषाही नेली असणार. धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले. धारच्याच किल्ल्यात १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. १९४८ मध्ये ही सारी संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, आणि १९५६ च्या मापांच्या कायद्याने देशभर एकच मोजणी लागू करण्याचे ठरून, पायल्या आणि मापटी हळूहळू माळ्यावर गेली. आता देवासच्या बाजारात सोयाबीनच्या राशी पडतात आणि त्या काट्यावर जोखल्या जातात. वजनाला शीग नसते.

आता पुन्हा पाटणच्या शिलालेखाकडे. भास्कराचार्याचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापिला, आणि यादवांचे मांडलिक निकुंभ सोइदेव यांनी शके ११२८ मध्ये त्यास दान दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र भाषा पालटते आणि चक्क त्या वेळची मराठी सुरू होते. वंशाची कीर्ती पंडितांनी वाचावी, पण मठाचे उत्पन्न बाजारातल्या प्रत्येकाला कळावे, हा त्यातला हेतू उघड आहे. त्या मराठी ओळींत मठाला काय काय मिळावे हे सांगताना असे म्हटले आहे की, या गावी जे मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे, आणि मापणावळीचा अर्धा भाग मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

राशिव्यवहार लिहिणाऱ्या गणित्याच्या नातवाच्या मठाकडेच गावाचे माप यावे, हा योग आम्हांस फार गोड वाटतो. त्यावर मोठा सिद्धांत उभारू नये हे आम्ही जाणतो. बाजारातली अशी लहानसहान येणी देवळांना व मठांना लावून देण्याचा त्या काळी प्रघातच होता. तथापि माप राजाच्या वाड्यात न ठेवता विद्येच्या घरी ठेवावे, आणि ज्याच्या मनगटावर सारे अवलंबून त्या मापाऱ्याला बरोबरीचा वाटा द्यावा म्हणजे त्याला शीग दाबण्याचा मोह होऊ नये, यात व्यवहाराचे मोठे शहाणपण होते. धारेच्या राजाने ज्या कुळास विद्यापती म्हटले, त्याच्या सहा-सात पिढ्यांनंतरच्या वंशजाच्या दारी पाटणचे शेतकरी पायली घेऊन येत असतील. त्याच ओळींत तेलाच्या घाण्यांचाही उल्लेख आहे: जितके घाणे चालतील तितक्यांकडून मठाला एकेक पळी तेल. रात्री लीलावतीचे पाठ त्या तेलावर होत असावेत.